साहेब आले

“याचा आवाज कसा येते, ते ऐकवा बरं,” ज्योत्स्ना म्हणाली.

योगेंद्रने हातातला मदरबोर्ड काउंटरवर ठेवला आणि तो तिच्याकडे पाहतच राहिला. आर्वीच्या बसस्टँडसमोरच्या त्याच्या दुकानात गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची येत, पण हे नवीनच होतं. त्याचं सगळं पुराण सांगून झालं होतं. गेम खेळायचे तर कार्डाची खाच कोणती हवी, मेमरी किती चढते, पंखा कसा पाहिजे. पोरीने एका शब्दाला मान हलवली असेल तर शपथ.

“ताई, मदरबोर्ड हाये हा. रेडिओ नाई.”

“माहीत हाये मले. चालू होताना टीं वाजते का, तेवढं दाखवा.”

तळेगावहून एस.टी.त मांडीवर घेऊन आणलेलं कॅबिनेट तिने पुढे सरकवलं. त्यातलाच प्रोसेसर काढून योगेंद्रने बसवला, वायरी जोडल्या आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक दोन पिनांना टेकवलं. पंखा फिरला. आवाज नाही. दुसरा बोर्ड वाजला, पण डासासारखा. ज्योत्स्नाने नकारार्थी मान हलवली. शेवटी योगेंद्रने वैतागून वरच्या फळीवरचा धूळ खात पडलेला जुना बोर्ड काढला. त्याच्यावर स्वतःचाच छोटा काळा भोंगा होता.

टीं. आखूड, जाड आवाज. ज्योत्स्नाच्या हातावर काटा आला.

“हाच द्या.”

“अवो ताई, जुना माल हाये हा. नवे गेम नाई चालत याच्यावर. ज्याले खेळायचं हाये त्यालेच पाठवा न इकडे.”

“तो येत नाई,” ती म्हणाली.

तो म्हणजे प्रफुल, तिचा मोठा भाऊ. त्याला जाऊन वर्ष झालं होतं. नागपूरच्या रस्त्यावर ट्रकने उडवलं. त्याच आठवड्यात त्यांचे वडील, बंडूजी, लकव्याने दवाखान्यात पडले होते. धक्का सोसणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा प्रमिलाबाईंनी पोराचं सगळं नवऱ्याच्या माघारी उरकलं, डोळे पुसले आणि नवऱ्याला घरी आणलं. भेटायला येणाऱ्याला त्या ओसरीवरच बजावत. गावभर ठाऊक होतं, फक्त मधल्या खोलीतल्या खाटेपर्यंत गेलं नव्हतं.

एवढी मोठी गोष्ट लपली कशी? तर बापलेकांचा अबोला होता म्हणून. घरचं किराणा दुकान सोडून प्रफुलने आर्वीत नोकरी धरली आणि पहिल्या पगारापासून एकेक सुटा भाग जमवून गेमचा कॉम्प्युटर बांधायला घेतला, तेव्हापासूनचा. “गल्ल्यावर बसत नाई, डब्ब्यासमोर बसते,” बंडूजी म्हणाले होते. पोरगाही त्यांचाच. त्याने तोंड बंद केलं ते केलंच. संध्याकाळी यायचा, थेट आपल्या खोलीत जायचा, बटन दाबायचा, कानाला हेडफोन लावायचा. ती टीं ऐकली की बंडूजी मधल्या खोलीतून म्हणायचे, “आले वाटते साहेब. वाढा.” पोरगा घरी आल्याशिवाय बापाने कधी घास तोंडात घातला नाही. हे प्रेम पोराला कधी कळलं नाही, याचंच ज्योत्स्नाला फार वाईट वाटे.

दवाखान्यातून आल्यावर पहिल्याच संध्याकाळी बंडूजींनी ताट परत पाठवलं. “आले नाई साहेब?” मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. ज्योत्स्ना उठली, प्रफुलच्या खोलीत गेली आणि तिने बटन दाबलं. बंडूजी जेवले.

तेव्हापासून रोज तेच. पण तिला त्या खोलीत भीती वाटे. बटन दाबलं की पडद्यावर उजेड यायचा, पंखा गुणगुणायचा आणि पाठीशी कोणी श्वास घेतंय असं व्हायचं. खुर्चीकडे बघायची तर तिची छातीच नव्हती. चाकाची जुनी खुर्ची, तेल पाजून पाजून प्रफुल थकला तरी बसलं की कुरकुरणारी. प्रमिलाबाईंनी तिच्या पाठीवर त्याचा टॉवेल टाकून ठेवला होता. तिच्यावर कोणी बसत नसे. ज्योत्स्ना बटन दाबायची आणि चोरासारखी बाहेर पळायची.

गेल्या शनिवारी लोडशेडिंग संपलं, लाइट आली ती उसळी मारूनच. बोर्ड जळला. त्या संध्याकाळपासून बंडूजींचं ताट जसंच्या तसं परत येत होतं. माणूस खाटेला चिकटत चालला होता.

ज्योत्स्ना घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. तिने कॅबिनेट जागेवर ठेवलं, वायरी खोचल्या. आवाज वेगळा वाटला तर? म्हाताऱ्याने ओळखलं तर?

टीं.

स्वयंपाकघरातून प्रमिलाबाई सवयीने “आला का रे?” म्हणून गेल्या आणि तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. मग मधल्या खोलीतून खाकरल्याचा आवाज आला.

“आले वाटते साहेब. वाढा.”

बंडूजींनी पोळी कुस्करून वरणासोबत खाल्ली, वर थोडा भातही घेतला. ज्योत्स्नाच्या जिवात जीव आला. एक खोटं पुन्हा उभं राहिलं होतं, आणि त्याच्या आधाराने बापही उभा राहणार होता.

ती ताट उचलायला वाकली, तसं बंडूजींनी चांगल्या हाताने तिचं मनगट धरलं. दाराकडे पाहिलं. प्रमिलाबाई चुलीपाशी होत्या. लकव्याने जड झालेल्या जिभेने ते हळूच म्हणाले,

“उद्या बटन दाबलं का लगेच पळू नको, बाई. खुर्चीवर जराशी बसत जाजो. वर्ष झालं, ते कुरकुरली नाई.”