निळे पडदे

फॉरवर्ड होणाऱ्या खोट्या मेसेजेसची टर उडवायला चित्रकार सुनेनं प्रदर्शनासाठी भलामोठा मोबाइल रंगवला. न झोपणाऱ्या लेकाला एका हातानं थोपटत तिनं त्यावर मनानंच रचलेली थाप लिहिली: 'निळ्या पडद्यांमुळे बाळं झोपत नाहीत.' प्रदर्शनात कुणीतरी नेमक्या त्या ओळीचा फोटो काढला आणि तो फिरत फिरत सासूबाईंच्या ग्रुपवर पोचला.

संध्याकाळी ती घरी आली, तर खोलीतले निळे पडदे गायब.

"अहो आई, ती थाप मीच मारली होती," ती कपाळाला हात लावत म्हणाली.

"हळू बोल. दुपारपासून गाढ झोपलाय."

जन्मल्यापासून सलग तासभरही न झोपलेल्या लेकाकडे ती बघतच राहिली.


मग कुजबुजली, "आई, त्याचं दुपटंही निळंच आहे हो."