निरोगी नमुना

अनुपमाने काच पुन्हा खिडकीच्या उजेडात धरली. तेच होतं.

चौऱ्याऐंशी साली अंधेरीच्या एमआयडीसीतल्या त्या लॅबमध्ये रुग्णाच्या रक्तातल्या सीरमशेजारी एका धडधाकट माणसाचं सीरम लावत. विजेच्या प्रवाहाने काचेवरच्या जेलमधली प्रथिनं वेगवेगळी व्हायची. मग मधल्या चरीत अँटिबॉडी ओतायची. दोन्ही भेटतील तिथे पांढरी कमान उमटायची. रुग्णाची कमान त्या धडधाकट माणसाच्या कमानीशी ताडून बघायची; ती कुठे जाड होऊन वाकली असेल तर मायलोमाची, म्हणजे हाडांच्या मज्जेतल्या कॅन्सरची, शंका. तो माणूस म्हणजे लॅबमधले सगळ्यात जुने तंत्रज्ञ, चंद्रप्रकाश. "अख्ख्या मुंबईचं माप आहे मी," असं ते हसत म्हणायचे.

काचेच्या वरच्या ओळीत मालाडच्या एका बाईंचं सीरम होतं. त्यांची कमान नाजूक, एकसारखी. खालची, चंद्रप्रकाशची, एका जागी जाड होऊन चरीकडे वाकली होती. बाटल्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून अनुपमाने सगळं नव्याने लावलं होतं. तरी हेच आलं.

"एवढं काय बघतेयस?" चंद्रप्रकाश मागे येऊन उभे राहिले. हातात चहाचा ग्लास. त्यांनी काच घेतली. "झकास आलीय गं. अशी कमान सहसा बघायला मिळत नाही. मायलोमाच दिसतोय. बाईंच्या घरी कळवलं?"

"बाई ठीक आहेत, प्रकाशदादा."

मग काच फिरवून त्यांनी खालच्या ओळीचा नंबर वाचला.

"मला वाटायचं, पाठ या स्टुलामुळे दुखतेय," ते म्हणाले.

"एका काचेवरून काही ठरत नाही. डॉक्टर वर आहेत. मी येते तुमच्याबरोबर."

"काचेचं ते मीच सांगतो ना सगळ्यांना." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "जाऊ. पण बाईंचा रिपोर्ट अडकलाय. आता शेजारी कुणाचं लावशील?"

अनुपमाने स्टूल ओढलं आणि हात टेबलावर पसरला.

चंद्रप्रकाशनी कोपराच्या वर रबराची नळी बांधली. शीर शोधायला बोट टेकवलं. ती लगेच सापडली, तरी बोट बराच वेळ तिथेच राहिलं.

"मूठ आवळ," ते म्हणाले.