शीळ घातली की नाचतात

नॉर्दर्न लाइट्स दाखवायला नेणाऱ्या बसवर मी गाइड आहे. "यांना शीळ घातली की ते नाचतात, इथल्या मूळच्या आम्हा सामी लोकांची ही जुनी रीत आहे," असं मी दर फेरीला माइकवर ठोकून देते. काल गोठलेल्या तलावाकाठी बस थांबवली, आकाश हिरवं झालं आणि चाळीस पाहुणे मफलर फडकावत शिळा घालू लागले.

एक म्हातारा तेवढा खाली उतरला नाही. मी ड्रायव्हर आन्तेला आमच्या सामी बोलीत म्हटलं, "आजोबांनी तिकीट काढलंय ते झोपायला."

गावात परतल्यावर सगळे उतरले, तो मात्र टोपी हातात घेऊन दाराशी थांबला आणि सामीतच म्हणाला, "झोपलो नव्हतो, पोरी. बायको जाऊन वर्ष झालं. म्हटलं, खिडकीतूनच गुपचूप बघून यावं तिला."

आपली गेलेली माणसंच तिथं वर येतात, त्यांना शीळ घालून डिवचायचं नसतं, हे आजीनं मलाही शिकवलं होतं. लहानपणी मी एकदा शीळ घातली, तेव्हा माझ्या तोंडावर हात दाबून तिनं मला घरात ओढलं होतं.

म्हाताऱ्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं. "चेहरा ओळखीचा वाटतोय. कुणाची गं तू?"



मी जॅकेटवर छापलेलं कंपनीचं नाव सांगितलं.