सोबत

"किती दिवस वर गेलेत?" सुनेने विचारलं.

सासूने मान वर केली नाही. शिलाई मशीनच्या सुईखाली पडद्याचं जाड कापड तसंच अडकून पडलं होतं. "दोन महिने होऊन गेले," ती पुटपुटली. "मला वाटलं, वयाने पाळी गेली. सुटले एकदाची, असं म्हणत होते मी."

वय चव्वेचाळीस. मुलाच्या लग्नाला पाच वर्षं होऊन गेलेली. घराने वाट बघायची ती सुनेकडे बघून, आणि दिवस गेले होते सासूला. शेजारणींना तोंड कसं दाखवायचं या विचारानेच तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

पण लाजेपेक्षा धास्ती मोठी होती. नवरा ट्रक चालवायचा. दीड वर्षापूर्वी पाठीचं ऑपरेशन झालं आणि त्याच्या हातून स्टिअरिंग सुटलं ते सुटलंच. आता तो एका गोदामाच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसायचा आणि मिळेल त्यात गप्प राहायचा. मुलगा घरांना रंग द्यायचा. काम असलं तर असलं. ती स्वतः फर्निचरच्या दुकानासाठी पडदे आणि उशांचे अभ्रे शिवायची. वेळेवर यायचा तो एकच पगार, सुनेचा. सून औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची.

"आणखी एक तोंड कुठून भरायचं गं?" सासूच्या डोळ्यांतून पाणी आलं. "आणि भरलं, तरी ते शाळेतून सुटेस्तोवर मी साठी गाठेन. यांना अजून सांगितलेलं नाही. कळलं तर तसेच काठी टेकत पुन्हा ट्रकवर चढायला निघतील. माझं डोकंच चालेनासं झालंय. हे मूल ठेवून चालायचं नाही. तूच काय ते कर."

सुनेने सुईखाली अडकलेलं कापड हलकेच सोडवलं. मग म्हणाली, "उद्या माझी सुट्टी आहे. उद्याच जाऊ. सकाळी काही खाऊ नका, चहासुद्धा नको. सैल कपडे घाला. आणि स्वेटर घ्या बरोबर. नंतर थंडी वाजते."

औषधांच्या दुकानात उभी असते, कानावर पडत असणार चार गोष्टी, असं सासूला वाटलं. तिला जरा धीर आला.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. सासूला गप्प बसवेना.

"देव दार चुकला बघ," ती म्हणाली. "तुझ्या पोटी यायचं ते माझ्या पोटी आलं."

सुनेने दोघींची तिकिटं काढली.

"मनाला लावून घेऊ नकोस हं. पण किती वेळा सांगितलं, एकदा दोघं डॉक्टरला दाखवून घ्या. तू ऐकतच नाहीस."

"घेऊ, आई," सून म्हणाली.

दवाखाना बँकेच्या मागच्या गल्लीत होता. सुनेने कुणाला पत्ता विचारला नाही. आत लांब बाकावर भरल्या दिवसांची एक मुलगी नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून पेंगत होती. सासूने तिच्याकडे पाठ करून घेतली. आपण इथे कशाला आलोय ते तिला सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं दिसत होतं. तिने सुनेचा हात घट्ट धरला. सुनेचा हात बर्फासारखा गार होता.

आतल्या दारातून एक जाडजूड, पोक्त नर्स बाहेर आली. चष्मा कपाळावर चढवलेला. तिने बाकावरून नजर फिरवली आणि ती थेट सुनेपाशी येऊन थांबली.

"तुम्ही होय! परत वेळ आली का?" तिने सुनेच्या खांद्यावर हात ठेवला. "मागच्या वेळी एकट्या आलात, आणि चक्कर येत असताना एकट्याच रिक्षात बसून गेलात. दिवसभर माझा जीव टांगणीला लागला होता. या वेळी आईला सोबत आणलंत, फार बरं केलंत. चला आत."

"मी नाही," सून म्हणाली. "यांना घेऊन आलेय."

नर्सचा चेहरा उतरला. "बोलावते हं," एवढंच म्हणून ती आत गेली.

सासूच्या कानांत नुसता पंखा गरगरत राहिला. तिने विचारलं, "मागच्या वेळी म्हणजे कधी?"

"बाबांचं ऑपरेशन झालं ना, त्याच महिन्यात."

"पोराला माहीत आहे?"

सुनेने मान हलवली. नाही.

सासूला ते दिवस आठवले. घर आणि हॉस्पिटल, हॉस्पिटल आणि घर. एक दिवस सून पोट बिघडलंय म्हणून उठलीच नव्हती. डबा कुणी न्यायचा म्हणून आपण तिच्या उशाशी भांडी आपटली होती. संध्याकाळी ती उठली आणि डबा घेऊन गेली होती.

आतून नर्सने हाक मारली. उठावं की परत फिरावं, सासूला काहीच सुचेना. परत फिरून तरी जायचं कुठे?

"अगं, मला एका शब्दाने सांगायचंस," ती कशीबशी म्हणाली. "मी काय खाल्लं असतं तुला?"

"सांगायलाच आले होते, आई." सुनेच्या आवाजात राग नव्हता. "तुम्ही हॉस्पिटलमधून नुकत्याच आला होतात, चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. मी तोंड उघडलं, आणि तुम्ही म्हणालात, आता या घरात एकही नवा खर्च नको गं बाई."