पुठ्ठ्याचे प्रेक्षक

“बाबा, कॅमेरा आमच्या साइडला कधी येणार?”

आसावरी लॅपटॉपच्या इतकी जवळ सरकली होती की तिच्या श्वासाने स्क्रीनवर वाफ धरत होती. तिकडे जपानमधल्या त्या बंदराच्या गावात संध्याकाळचे दिवे लागले होते. इकडे कतारमध्ये, दोह्याच्या अल हिलाल भागातल्या फ्लॅटमध्ये, भर दुपारचं ऊन खिडकीच्या जाड पडद्यालाही जुमानत नव्हतं.

“येईल. सामना तर सुरू होऊ दे,” संजीव म्हणाला आणि उगाचच एसीचा रिमोट शोधू लागला.

तिसऱ्या श्रेणीतला लहानसा फुटबॉल क्लब. मार्चमध्ये सुरू व्हायचा त्याचा हंगाम करोनामुळे जून संपता संपता सुरू होत होता, तोही प्रेक्षकांवाचून. म्हणून क्लबने चाहत्यांना कळवलं होतं, तुम्हाला येता येत नाही तर फोटो पाठवा. आम्ही तो पुठ्ठ्यावर छापू आणि तुमच्या जागी खुर्चीत बसवू.

आसावरीने मे महिन्याच्या उन्हात, बाल्कनीत उभं राहून, गळ्यात क्लबचा हिरवा लोकरी मफलर गुंडाळून फोटो काढून घेतला होता. घामाने निथळत होती, पण मफलर सोडायला तयार नव्हती. “यू विल सेंड इट टुडे, ना?” तिने विचारलं होतं. त्या रात्रीच पाठवायचा, असं ठरवून संजीव “पाठवला” म्हणून मोकळा झाला. मग ऑफिसात माणसं कमी करायच्या मीटिंगा सुरू झाल्या आणि फोटो त्याच्या फोनमध्येच राहिला. आठवण झाली तेव्हा मुदत संपून गेली होती. पोरीला तसं सांगायचं तर आधीचं खोटंही कबूल करावं लागलं असतं. त्याने वेळ मारून नेली.

आता वेळ संपत आली होती.

“आपली पोरगी दिसणार का रे नक्की?” विभावरीने स्वयंपाकघरातून विचारलं.

“दिसेल. इन्शाल्ला.”

“पाठवलायस ना? मग इन्शाल्ला कशाला?”

आसावरी खुदकन हसली. संजीवही हसला. मनातल्या मनात तो वाक्यं जुळवत होता. छापायचं राहून गेलं असेल. मेल त्यांच्याकडे पोचलीच नसेल. या छोट्या क्लबांचा कारभार असाच असतो. सगळा दोष घड्याळात सहा तास पुढच्या त्या गावावर ढकलायचा त्याचा बेत चालला होता. पूर्वी दोन वर्षं ते तिघं तिथे राहिले, तेव्हा तो रविवारीसुद्धा गॅसच्या टर्मिनलवर असायचा आणि शेजारचे नाकानो आजोबा त्याच्या मुलीला आपल्या नातीसारखं सामन्याला न्यायचे.

शिट्टी वाजली. लाउडस्पीकरवरून आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या टाळ्या कडाडल्या. चेंडू उजव्या बाजूला गेला आणि त्याच्यामागून कॅमेरा सरकत गेला. रांगेमागून रांग पुठ्ठ्याची माणसं. हसरी, गंभीर. एक तर चक्क कुत्रा.

“नाकानो आजोबा!” आसावरी किंचाळली. “बाबा, लुक! आणि मी! शेजारी मी आहे! आई, लवकर ये!”

संजीव झटकन पुढे येऊन सोफ्यावर तिला खेटून बसला. तिने चित्र थांबवून धरलं होतं.

ती खरंच होती. डोक्यावर भुवयांपर्यंत घसरलेली हिरवी टोपी, समोरचे दोन दात पडलेले, सहा-सात वर्षांची आसावरी. शेजारच्या खुर्चीत नाकानो आजोबा, त्यांचा उजवा हात पुठ्ठ्याच्या कडेशी तुटलेला. त्या हाताची चार बोटं मुलीच्या पुठ्ठ्यावर होती, तिच्या खांद्यावर. एकाच फोटोचे दोन भाग करून कुणीतरी दोन खुर्च्यांत बसवले होते.

कुणीतरी कसलं? हा फोटो संजीवकडे नव्हताच; तो असणार नाकानो आजोबांकडे.

आसावरीने बोट स्क्रीनवरच्या टोपीवर ठेवलं. मग त्या चार बोटांवर. मग हळूच मागे घेतलं. तिचा हसरा चेहरा एकेक पायरी उतरत गेला. तिने वळून बापाकडे पाहिलं. ते पाहणं रागाचं असतं तर संजीवला बरं वाटलं असतं. शाळेत दुसऱ्या कुणाचं चुकलेलं गणित फळ्यावर राहिलं, की मुलं जशी बघतात, तशी ती बघत होती.

“आसा…” त्याने सुरुवात केली.

विभावरी ओले हात ओढणीला पुशीत आली. “कुठे, कुठे? अगंबाई! पण हा कुठला फोटो? मफलरवाला ना पाठवायचा होता? बाल्कनीत एवढी शिजून निघालीस ती?”

संजीवला वाटलं, सांगून टाकावं. आत्ता, या क्षणी. त्याने तोंड उघडलं.

“बाबांनी मुद्दाम जुना पाठवला,” आसावरी म्हणाली. स्वच्छ, सावकाश मराठीत, स्क्रीनवरची नजर न काढता. “आता मी मोठी झालेय ना. नाकानो आजोबांना ओळखू आले नसते.”

“हो का रे?” विभावरीने कौतुकाने नवऱ्याकडे पाहिलं. “एवढं सुचलं तुला?”

संजीवने मान हलवली. ती हो म्हणाली की नाही, त्याचं त्यालाही कळलं नाही.

आसावरीने सामना पुन्हा सुरू केला. मग सोफ्यावर, बापाला खेटून बसली होती तिथून, ती टोकाला सरकली आणि मधली जागा हाताने थोपटली.

“आई, तू इथे बस.”