माहेर : नाम, नपुंसकलिंग

शब्दकोशाच्या नव्या आवृत्तीची पानं संपादक घरीच तपासत बसले होते. एक वेलांटी चुकली तरी भरल्या ताटावरून उठणारा माणूस! महिन्यापूर्वी नवऱ्याचं घर कायमचं सोडून आलेली लेक त्यांना मजकूर वाचून दाखवत होती.

"माहेर : विवाहित स्त्रीच्या आईवडिलांचे घर."

"बरोबर. पुढे?"

"थांबा ना, बाबा. लग्न झालेल्या मुलाच्या आईवडिलांच्या घराला काय म्हणायचं?"

"त्याला कशाला हवाय वेगळा शब्द?" ते हसले. "त्याचं ते घरच की!"

"मग माझ्या लग्नाआधी हे माझं काय होतं?"

संपादकांनी तिच्या हातातलं पान घेऊन ती नोंद स्वतः पुन्हा वाचली. जन्मभर शब्दांच्या राशी उपसल्या, पण आज एक शब्द सुचेल तर शपथ!

तेवढ्यात फोन वाजला. संपादकांच्या थोरल्या बहिणीचा आवाज एवढा खणखणीत, की लेकीलाही ऐकू गेला, "काय रे, पोरगी अजून माहेरीच का?"

लेकीनं मान खाली घातली.

"माहेरी नाही गं, ताई," संपादक म्हणाले, "ती घरी आहे."