सात नंबरचा स्वार

"नाव घे, बुरुल. गोल कुणी केला ते नावानिशी सांगायचं असतं. नाहीतर नापास करीन," समालोचन शिकवणारा उर्मात तिच्या कानाशी पुटपुटला.

बुरुलने माइक जवळ ओढला. "राखाडी घोडा गर्दीत घुसला. सात नंबरचा स्वार जमिनीपर्यंत वाकला, बोकडाचं धड उचललं, मांडीखाली दाबलं. सुटला! घोड्याचा श्वास अडकलाय, माझाही. आणि धड गोलाच्या कढईत... गोल."

नारिन गावचं मैदान दणाणून उठलं. उर्मातच्या अंगावर काटा आला. निवृत्त खेळाडूंना समालोचन शिकवण्यात त्याची हयात गेली होती. कितीतरी पैलवान आले आणि गेले. ही घोड्यावरून तिरंदाजी करायची, पाठ दुखावली आणि खेळ सुटला. पण कोक-बोरूचा, या घोड्यावरून बोकड पळवायच्या खेळाचा, सामना असा डोळ्यांपुढे उभा करणारं कुणी त्याला भेटलं नव्हतं. बाकी सगळ्यांची नावं ती खणखणीत घ्यायची. एर्निस म्हणायची वेळ आली की मात्र सात नंबर.

कारण उर्मातला ठाऊक होतं. नवऱ्यापासून सासरा, थोरल्या दिरापर्यंत सासरच्या कुणाचंच नाव बाईने तोंडात घ्यायचं नाही, तेच नाव परक्याचं असलं तरी नाही. नवरा जाऊन तीन वर्षं झाली, तरी ही सासऱ्याच्या घरी राहून रीत पाळत होती. पण रेडिओवर रीत कशी चालायची? ही नोकरी हुकली तर दोघांची चूल कशावर पेटणार?

मध्यंतरात तो तिच्या सासऱ्याला, म्हाताऱ्या आकमतला, ओढतच वर समालोचनाच्या खोलीत घेऊन आला.

"बाबा, तुमच्यात एर्निस कोण? एकदा मोकळीक देऊन टाका. पोरगी हातची नोकरी घालवायला बसलीय."

म्हातारा बुचकळ्यात पडला. "आमच्यात? माझे भाऊ, चुलते, मुलगे... नाही रे. एर्निस कुणीच नाही."

बुरुलने मान खाली घातली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

आकमत तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने खिडकीतून खाली पाहिलं. सात नंबरचा स्वार घोड्याचा घाम पुसत होता आणि पुन्हा पुन्हा वर बघत होता.

"उर्मात, त्या पोराला निरोप दे," म्हातारा सावकाश म्हणाला. "लग्नाची बोलणी करायला माझ्याच दारात यायचं म्हणावं. मुलीचा बाप मी आहे."